गुरुवारची आंघोळ

नमस्कार श्रोतेहो. बडोद्यात आणि आसपास मराठी घरांत आत्ता रेडिओ लावून बसलेल्या आयांना, आज्यांना, आणि बाप-आजोबांनाही नमस्कार. कागद-पेन हाताशी ठेवा, शेवटी एक नंबर सांगणार आहे.

आज बोलायचंय पोटुशी बाईच्या आणि ओल्या बाळंतिणीच्या मनाबद्दल. शरीराचं मी तुम्हाला काय सांगणार? शेक-शेगडी, अळिवाची खीर, टाळू भरणं, सगळं तुम्हाला पाठ आहे. आपल्याकडे डिंकाचे लाडू होतात, शेजारच्या गुजराती घरातून काटलाचा डबा येतो. हल्ली हे सगळं तयार पाकिटात मिळतं आणि मला ते मुळीच पटत नाही. चवीचं सोडा, पण लाडू वळायला चार बायका दुपारभर एकत्र बसायच्या, त्यात बाळंतिणीलाही दोन शब्द बोलायला मिळायचे. पाकीट आलं आणि ती दुपार गेली.

असो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते. पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवडे, लक्षात ठेवा. त्यानंतरही जर मन कशात लागत नसेल, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ असं ती म्हणत असेल, तर तो आजार आहे. नजर उतरवून तो जात नाही. आपल्या देशातल्या 38 अभ्यासांची एकत्र मोजदाद 2017 साली छापून आली, त्यात 22 टक्के बाळंतिणींना हे नैराश्य आढळलं. पाच जणींमागे एक. तुमच्या जिन्यात पाच घरांत पाळणा हलला असेल, तर त्यातली एक. आणि हे बाळंतपणानंतरच सुरू होतं असंही नाही. काहींना डोहाळजेवणाची हिरवी साडी नेसतानाच पोटात खड्डा पडलेला असतो.

यावर एक उपाय म्हणजे गट. सहा ते दहा जणी, ठरलेला वार, तास-दीड तास, आठ-दहा आठवडे. बाळं मांडीवर चालतात. इथलं बोलणं इथेच राहतं, हा पहिला नियम. मी समुपदेशक म्हणून असा एक गट चालवते, दर गुरुवारी, एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर. त्यातली एकच हकिगत आज सांगते. जिची आहे तिने परवानगी दिली आहे, नाव सांगणार नाही.

ती वाघोडिया रोडकडून यायची. मुलगा अडीच महिन्यांचा. पहिले तीन गुरुवार एक अक्षर बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. चौथ्या गुरुवारी विषय निघाला मालिशवाल्या मासीचा. कुणी म्हणालं, सव्वा महिना झाला की आम्ही बंद केली, आता मीच न्हाऊ घालते. तेव्हा ही एकदम म्हणाली, “माझ्या सासूबाई म्हणतात मी आळशी आहे. मासीला पैसे भरतेय अजून. पण ताई, मी आळशी नाहीये हो. मला भीती वाटते, मी त्याला पाण्यात बुडवीन.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मला खूप काही बोलावंसं वाटलं, आणि मी गप्प बसले. तेच बरं झालं. कारण माझ्याआधी कोपऱ्यातली एक गुजराती बेन हळूच बोलली, “मने पण एवुं थाय छे.” मलाही असं होतं. तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिने दिवाण ओढून गॅलरीपासून लांब, स्वयंपाकघराच्या भिंतीला नेऊन लावला होता. नवऱ्याला सांगितलं, तिथे वारा लागतो. मग तिसरी म्हणाली, “माझं विळीचं. दोन महिने मी भाजी चिरलेली नाही, जाऊबाई चिरतात. त्यांना वाटतं माझा हात दुखतोय.” सात जणी होत्या त्या दिवशी, त्यातल्या चौघींकडे अशी एकेक गोष्ट निघाली. चौघींनी ती घरात लपवलेली. आणि ही वाघोडिया रोडवाली रडता रडता एकेकीचं तोंड बघत होती.

इथे थांबून एक नीट सांगते, कारण ते फार महत्त्वाचं आहे. असे नको ते विचार नव्या आईच्या मनात येणं पुष्कळ दिसतं. तिला त्या विचारांची किळस येते, धास्ती वाटते, म्हणूनच ती बाळाला जपण्यासाठी दिवाण हलवते. मी त्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं, कुणी कानात सांगतंय का, तसं करावंसं वाटतं का? “शी, नाही हो ताई!” मग डॉक्टरांचीही भेट घालून दिली. पण बाईला आवाज ऐकू येऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, रात्र-रात्र झोपेचीच गरज वाटेना, बाळाबद्दल भलतंच काही खरं मानू लागली, तर तो वेगळा आजार. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. तिथे गटाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्याच दिवशी.

तर पुढचा गुरुवार. उत्तरायण नुकतंच झालं होतं, कार्यालयाच्या मागच्या कडुनिंबावर फाटके पतंग लटकत होते. या बायकांनी आपापसांत काय ठरवलं होतं मला माहीत नव्हतं. एकीने पाट आणला, एकीने डाळीचं पीठ, एकीने वाटीभर तेल. विळीवाली आतल्या गॅसवर पाणी तापवत होती. मागच्या मोरीत पाट मांडला आणि तिला म्हणाल्या, बस. ती म्हणाली, मला नाही जमणार. कुणी “जमेल” म्हटलं नाही. गॅलरीवाली बेन शेजारी जमिनीवर बसली आणि तिनेही पाय लांब केले, नुसतेच. मग हिने केले. बाळाला पायांवर पालथं घातलं. हात इतके कापत होते की पहिला तांब्या सगळा तिच्याच साडीवर सांडला. बाळाने आकांत मांडला. मी दाराची चौकट धरून उभी होते, पुढे झाले नाही. दुसरा तांब्या पाठीवर पडला. तिसरा. बायका घोळक्याने वाकून बघत होत्या आणि प्रत्येक तांब्याला मोजत होत्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत. अकरा तांबे झाले. पंचा गुंडाळून तिने त्याला छातीशी घेतलं आणि म्हणाली, “कानामागचं राहिलं.”

श्रोतेहो, हे मी सांगून झालं नसतं. मी तिला हजारदा म्हटलं असतं, तू चांगली आई आहेस, तर तिने मान डोलावली असती. त्याच भीतीतली दुसरी बाई शेजारी पाय लांब करून बसली, तेव्हा हात हलला. त्याच भीतीतली बाई. झारखंड-ओडिशातल्या खेड्यांत 2005 ते 2008 मध्ये बायकांचे गट दर महिन्याला बसत, नवजात बाळं कशी जगतील यावर बोलायला. बाळांचे मृत्यू तर घटलेच, पण तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम नैराश्यही 57 टक्क्यांनी कमी दिसलं. नैराश्यावरचे गट नव्हते ते. गावातल्याच बाईने चालवलेली बैठक होती.

गट पुरेसा नसेल तिथे डॉक्टर औषध देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशीही औषधं आहेत. चालू गोळ्या मात्र शेजारणीच्या सल्ल्याने बंद करू नका. आणि बाळ बघायला जाणाऱ्यांनो, दारातूनच “दूध पुरतं का गं?” असं विचारणं एकदाचं सोडा. सयाजीरावांच्या गावात, जिथे 1906 साली मुलींनासुद्धा सक्तीने शाळेत घातलं, तिथे अजून बाळंतिणीची अशी उलटतपासणी चालते याचं मला वाईट वाटतं.

पेन घेतलंत? सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फोन फुकट, दिवसरात्र चालू, भाषा निवडता येते. नंबर एक-चार-चार-एक-सहा. पुन्हा सांगते, 14416. पाळण्याच्या दोरीला चिठ्ठी बांधून ठेवा. ती रात्री तीनला तिथेच बसलेली असते.