कोरोनात मुलांचे वॉर्ड रिकामे का पडले होते?

नमस्कार मंडळी. जरा 2020 साल आठवा. माझ्या बहिणीच्या मुलाला बाळदमा आहे, पावसाळा लागला की रात्री-अपरात्री त्याला उचलून दवाखान्यात पळायचं हे आमच्याकडे ठरलेलंच. त्या वर्षी नेब्युलायझर कपाटावरून खाली काढावाच लागला नाही, दिवाळीच्या साफसफाईत त्याची पिशवी हाताला लागली तर वर बोटभर धूळ! असं जगभर झालं बरं का. अमेरिकेत 2020 च्या एप्रिलच्या आसपास इमर्जन्सीत येणारी दहा वर्षांपर्यंतची मुलं आदल्या वर्षीपेक्षा 72 टक्क्यांनी कमी झाली होती.

मग मुलं आजारीच पडत नव्हती का? काही प्रमाणात हो, खरंच नव्हती. शाळा बंद, पाळणाघरं बंद, आणि सर्दी-खोकला मुलांना लागतो तो एकमेकांकडूनच. आरएसव्ही नावाचा व्हायरस आहे, तान्ह्या बाळांची छाती घरघरते, श्वास लागतो, तो त्या थंडीत अमेरिकेत जवळजवळ दिसलाच नाही आणि मग 2021 च्या उन्हाळ्यात भलत्याच वेळी परत आला.

पण अपेंडिक्सला काय, शाळा चालू असली काय आणि बंद असली काय. टाईप वन डायबेटीसचंही तेच, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं तो मधुमेह. आणि मला बोलायचंय ते याच मुलांबद्दल.

हा डायबेटीस सुरू होताना दिसतो कसा ते नीट ऐका. मूल घटाघटा पाणी पितं, सारखं लघवीला जातं, अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं पोर परत ओलं करायला लागतं, खातंय तरी वाळत चाललंय. एवढ्यात दाखवलं तर रक्तातली साखर तपासून इन्सुलिन सुरू होतं. नाही दाखवलं तर रक्तात आम्ल साठतं, उलट्या होतात, पोटात दुखतं, श्वास खोल आणि जोरजोरात चालतो, मूल गळून जातं, आणि मग थेट आयसीयू. जर्मनीत 2020 च्या मार्च ते मे मध्ये ज्या मुलांना हा आजार नव्याने निघाला त्यातली जवळपास 45 टक्के या अवस्थेत पोचलेली होती, आदल्या वर्षी त्याच महिन्यांत हा आकडा 25 टक्क्यांच्या आत होता.

आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. बाहेर पोलीस, रिक्षा नाही, ओपीडी बंद, आणि हॉस्पिटलात गेलो तर कोरोना घेऊन येऊ ही भीती, म्हणून दुखणं अंगावर काढलं गेलं, आणि तेही लेकराच्या अंगावर. इटलीतल्या डॉक्टरांनी मार्च 2020 मधल्या एका आठवड्यातली उशिरा आलेली 12 मुलं नोंदवली, त्यातली 4 गेली. रिकामा वॉर्ड बघून बरं वाटतं, पण मी तरी आधी विचारेन की जी आली ती कुठल्या अवस्थेत आली.

आपल्याकडे याचं बिल लसीकरणावर फाटलं. त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीचा) पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं भारतात 2019 मध्ये सुमारे 14 लाख होती, 2020 मध्ये ती 30 लाखांवर गेली. आशाताई कोरोनाच्या सर्व्हेला जुंपलेल्या, लसीकरणाची सत्रं रद्द, बाळाच्या कार्डावरचे चौकोन कोरेच राहिले. गोवर तर हवेतून इतका झपाट्याने पसरतो की वस्तीतल्या शंभरातल्या पंचाण्णव जणांना तरी संरक्षण लागतं. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्तीत तो भडकला, मग भिवंडी, मालेगाव, आणि जे वॉर्ड दोन वर्षांपूर्वी ओस पडले होते तिथे अंगभर पुरळ आलेली, डोळे लाल झालेली पोरं दाखल व्हायला लागली, काही दगावली. शेवटी साथीच्या भागात 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा एक जादा डोस द्यायचं ठरलं, आणि जिथे त्याहून लहान बाळांनाही गोवर होत होता तिथे 6 महिन्यांपासूनच.