कुठल्या खोलीचं तापमान?

(दृश्य : उघडा तळहात. त्यावर चांदीसारखा चकचकीत खडा.)

हा गॅलियम. अस्सल धातू. हातावर ठेवला तेव्हा चांगला टणक होता. आता त्याच्या कडा ओलसर दिसू लागल्यात. थोड्याच वेळात खालची बाजू पातळ होते आणि उरलेला खडा तिच्यावरून घसरू लागतो. गॅलियमचा द्रवणांक 29.76 अंश सेल्सिअस. आपला तळहात त्याहून गरम असतो.

‘कक्ष तापमानाला पारा सोडून सगळे धातू स्थायू’ हे वाक्य आपण शाळेत घोकलंय. ते बरोबरच आहे, पण त्यातला कक्ष साधारण 25 अंशांचा धरलेला असतो. मे महिन्यातल्या नागपुरात, पंखासुद्धा झळा फेकतो तेव्हा, हाच गॅलियम कपाटातल्या बाटलीत आपोआप पातळ होईल. सीझियम हा दुसरा एक धातू तर 28.5 अंशांनाच वितळतो.

(दृश्य : काचेच्या नळीत थरथरणारा पारा.)

आता उलट बाजू. डिसेंबर 1759, सेंट पीटर्सबर्ग. कडाक्याच्या थंडीत ब्राउन आणि लोमोनोसोव्ह या शास्त्रज्ञांनी बर्फ आणि आम्लाच्या मिश्रणात तापमापी बुडवली. आतला पारा जागच्या जागी थिजला. काच फोडली, तर हाती आली एक घट्ट गोळी आणि तिला चिकटलेली, चांदीच्या तारेसारखी वाकणारी शेपटी. पातळपणा हा पाऱ्याचा जन्मजात गुण, असं तोवर समजलं जाई. खरं तर त्याला गोठायला उणे 38.83 अंश लागतात, एवढंच.

तो इतका सैल का? पाऱ्याच्या अणुकेंद्रात 80 प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. अशा वेगाला सापेक्षतेचे नियम लागू होतात आणि बाहेरचे इलेक्ट्रॉनही केंद्राकडे आवळले जातात. मग शेजारच्या अणूंशी बांधून घ्यायला ते फारसे मोकळे राहत नाहीत. तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये आइन्स्टाइनची सापेक्षता दडलेली होती, याचं मला आजही नवल वाटतं.

(दृश्य : बंद कुपीत तांबूस-तपकिरी द्रव, वर त्याच रंगाची वाफ.)

अधातूंमध्ये कक्ष तापमानाला द्रव असणारा एकटा ब्रोमीन. बालार या रसायनशास्त्रज्ञांना तो फ्रान्समध्ये, माँपेलियेच्या मिठागरांच्या खाऱ्या पाण्यात सापडला. 1826 साली त्यांनी तो जाहीर केला. त्याची भावंडं पाहा : क्लोरीन वायू, आयोडीन स्थायू. तिघांचेही रेणू दोन-दोन अणूंचे. पण अणू जितका मोठा, तितकी रेणूंची एकमेकांना ओढ जास्त. ब्रोमीन बरोबर मधल्या पायरीवर. कार्बनचे अणू मात्र एकमेकांना घट्ट जखडून असतात, म्हणून हिरा सहजासहजी वितळत नाही.

(दृश्य : पुन्हा गॅलियम, आता बशीत.)

संध्याकाळ झाली, खोली 24 अंशांवर आली. गॅलियम अजून पातळच. त्याला थिजायला सुरुवात करून द्यावी लागते. आता चिमट्याने गॅलियमचाच एक घट्ट कण आत सोडतोय. तो टेकला तिथून, बघा, स्फटिकाच्या सरळ रेघा पसरत चालल्या.