जिन्याचा दोर

श्रोतेहो, नमस्कार. घरात बारावीचं मूल असेल तर त्याला हाक मारा आणि रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज आर्किटेक्चरच्या प्रवेशाबद्दल बोलायचंय.

आधी विषय. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. पुन्हा सांगते, गणित हवंच. "चित्रं सुरेख काढते हो, पण गणित सोडलंय," असं कुणी सांगितलं की माझी पंचाईत होते. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीला जाता येतं.

मग परीक्षा. इथल्या, म्हणजे गुजरातच्या कॉलेजांसाठी नाटा, आर्किटेक्चरची कलचाचणी. २०० गुण, त्यातले ८० हातानं करायच्या चित्राला आणि रचनेला, उरलेले १२० संगणकावर. एनआयटी, म्हणजे केंद्र सरकारची तंत्रशिक्षण संस्था, किंवा दिल्ली-भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर हवं असेल तर जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा दुसरा पेपर. नाटा वेगळी, जेईई वेगळी. आणि नाटा दिली म्हणजे झालं असं नाही, एसीपीसीकडे, म्हणजे गुजरातच्या प्रवेश समितीकडे, नाव वेगळं नोंदवावं लागतं.

आता चित्राचं सांगते, म्हणजे माझ्या भाचीचं सांगते. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, माडीवर जायला लाकडी जिना. भाचीनं नाटाच्या चित्रासाठी क्लास लावला होता. तिथे सूर्यास्त, रेल्वे स्टेशन, छत्र्या घेतलेली माणसं असलं सगळं घोटून घेतलेलं. मी म्हटलं, "आपला जिना काढ. न बघता." अर्ध्या तासात जिना तयार. छायाप्रकाश झकास, पायऱ्या एकसारख्या. आईला दाखवला. आईनं चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "अगं, दोर कुठंय? जावईबापू आता कशाला धरून उतरणार?"

आम्ही पोट धरून हसलो, कारण त्या दोरामागे माझे हे आहेत. आमचा पहिला दिवाळसण. हे नवं धोतर नेसून, हातात फराळाचं ताट घेऊन माडीवर निघाले. आमच्या जिन्याची शेवटची पायरी इतरांहून उंच आहे, घरच्यांचे पाय आपोआप उचलले जातात, पाहुण्यांचे नाही. ह्यांचा अंगठा अडकला, चकल्या घरंगळत थेट ओसरीवर, आणि मागोमाग हे, बसल्या बसल्या, एकेक पायरी मोजत! बाबांनी दुसऱ्याच दिवशी मंगळबाजारातून जाड दोर आणून वरच्या तुळईला बांधला. तो आजही आहे, हात लागून लागून काळा पडलेला.

भाची टेप घेऊन आली. बाकीच्या पायऱ्या साडेसात इंच, शेवटची साडेनऊ. रोज चार वेळा चढणारी मुलगी, तिच्या चित्रात ना ती पायरी, ना दोर. "आत्या, मी बघितलंच नव्हतं गं," म्हणाली. मग आठवडाभर तिला घराबाहेर जाऊ दिलं नाही. चूल, न्हाणी, देवघराची कमान, सगळं काढायला लावलं.

असो, वेळ संपत आली.

कॉलेज निवडताना ते कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या, म्हणजे देशातल्या आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या यादीत आहे ना, ते आधी तपासा. कौन्सिलच्या यादीत. कोर्स पाच वर्षांचा, आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे तिथे नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. फी भरण्याआधी तपासा, नंतर नाही.

आमचे हे अजूनही तो जिना दोर धरूनच चढतात. ताट मात्र मी नेते. नमस्कार.