चर खोदण्याआधी उतार बघा

(कन्नड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कोरड्या, खडकाळ उतारांवरचे वनस्पती-समूह’. त्याकडे मी येणारच आहे. पण गौताळा अभयारण्याच्या कुशीत राहणारी माणसं समोर बसली आहेत, तर बरीच वर्षं मनात साचलेलं आधी बोलून घेतो. एप्रिलमध्ये डोंगराकडे बोट दाखवून आपण म्हणतो, “काही उरलं नाही हो तिथं.” तिथं पुष्कळ उरलेलं असतं, फक्त ते जमिनीखाली असतं.

आपल्याच भागातल्या एका गावाच्या वर दोन उतार आहेत, एकमेकांना लागून. दोन्हींवर तोच काळा दगड, तोच वीतभर मुरूम, तोच पाऊस. एका उतारावर ऐन उन्हाळ्यात यंत्र आलं आणि डोंगराला आडवे चर पाडून गेलं. पवन्या गवताचे ठोंब उपटले गेले, पळसाची आणि तरवडाची खोडं मुळासकट निघाली. पाऊस पडला तशी चरांच्या कडेनं गिरिपुष्पाची रोपं लावली. गिरिपुष्पाशी माझं वैर नाही. शेताच्या बांधावर लावा, त्याचा पाला जमिनीत गाडा, चांगलं खत होतं. पण मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड उभ्या खडकाळ उतारावर गवताच्या जागी कशाला? बरीच रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. उघड्या पडलेल्या मुरमावर घाणेरी शिरली. ज्या कार्यालयानं ही चरांची योजना राबवली, तिथं जाऊन मी विचारलं, खोदण्याआधी इथं काय होतं याची यादी कुठंय? यादी नव्हती. मला राग येतो तो याचा. जे मोजलंच नाही, ते नव्हतं असं धरलं गेलं.

दुसऱ्या उतारापर्यंत ती योजना पोचलीच नाही. गावानं तिथं नुसती चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. तिथं भेटलेले एक गुराखी बाबा मला म्हणाले, “सर, तुमी वरून बघताय. मुळ्या हायेत की खाली. गुरं आवरा, मंग बघा.” चार-पाच पावसाळ्यांत पळस, धावडा, टेंभुर्णी माणसाच्या उंचीची झाली. एकही खड्डा न खणता!

बाबांचं म्हणणं वनस्पतीशास्त्राला धरून आहे. साग, पळस, टेंभुर्णी यांचं रोप उन्हाळ्यात शेंड्याकडून मरत येतं. मूळ जगतं आणि जाड होत जातं. पुढच्या पावसात नवा फुटवा, पुन्हा उन्हाळा, पुन्हा मरण. असं वर्षानुवर्षं चालतं. मुळात पुरेसा साठा झाला की एखाद्या वर्षी फुटवा थांबत नाही, सरळ वर जातो. तुम्ही ज्याला उघडा माळ म्हणता, तिथं अशी कितीतरी मुळं वाट बघत असतात. यंत्राचा दात नेमका तिथंच लागतो.

आता कुणी म्हणेल, बाहेरून आलेली झाडं नकोत, तर सीताफळाचं काय? इथं सीताफळ न खाणारा कुणी आहे का? हात वर करा. एकही नाही, मला खात्री होती! सीताफळही मूळचं अमेरिकेतलं. पण त्याचा पाला शेळी खात नाही, म्हणून चराईच्या डोंगरावर ते तगलं, देवगिरीच्या परिसरात पसरलं, आणि बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन मिळालं. ते उपटा असं मी म्हणत नाही. पण एखाद्या उतारावर एकटं सीताफळच दाट दिसलं, तर तिथं शेळ्यांनी काय काय संपवलं असेल तेही विचारा.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणे. मग भराभर सांगतो, मुख्य विषयच राहायला नको.

आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, म्हणून त्याला पायऱ्या आहेत. कठीण थराचा उभा कडा, मग मऊ थराची सपाट पट्टी. कड्यावर माती नाही. पट्टीवर थोडी साचते, थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं. तिथं झाडांची हिरवी रेघ दिसते.

दुसरी गोष्ट तोंडाची. आपण 20 अंश उत्तरेला आहोत. मेअखेर ते जुलै सोडला तर दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त भाजतो. तिथली मंडळी सालई, मोई आणि पांढऱ्या खोडाचा कांडोळ. सालईची साल कागदासारखी सुटते, आत सुगंधी राळ असते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी 1968 साली भारतातल्या वनांचं जे वर्गीकरण केलं, त्यात सालईच्या वनाला स्वतंत्र प्रकार मानलंय. उत्तरेच्या उतारावर ओल टिकते, पाखरं-किडे जास्त, साग आणि धावडा दाटतात. डिंकाच्या लाडवातला डिंक या धावड्याचाच. पायथ्याशी खैर, हिवर, बोर. नाल्यात करंज.

गवत विसरू नका. चांगल्या राखलेल्या उतारावर पवन्या असतो, चराई वाढली की कुसळी पुढं सरकते. तिचं कुसळ ओल-उन्हानं पिळतं, उलगडतं आणि बी जमिनीत शिरवतं. म्हणजे नुसतं गवत बघून त्या उताराचा इतिहास बराचसा कळतो.

एवढंच मागणं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. पुढच्या ग्रामसभेत ती वही मागा. तिच्यात तुमच्या डोंगराचा उतार नसेल, तर गुराख्यांना बरोबर घेऊन दक्षिणेची बाजू वेगळी, उत्तरेची वेगळी, अशी झाडा-गवतांची नावं लिहून घ्या, आणि ती पानं भरेपर्यंत चराच्या ठरावावर सही करू नका.