लिगुरिया: डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीतलं जेवण

मंडळी, इटलीच्या वायव्येला फ्रान्सला लागून एक चिंचोळी, धनुष्याकृती पट्टी आहे. पाठीशी आल्प्स आणि अपेनाइन डोंगर, पुढ्यात समुद्र. हा लिगुरिया प्रांत, आणि जेनोआ हे त्याचं मुख्य शहर. शतकानुशतकं दर्यावर्दी असलेल्या या मुलखाचं जेवण म्हणजे मासळीच मासळी, असं कुणालाही वाटेल. तिथलं ताट मात्र हिरवं असतं. पालेभाज्या, रानभाज्या, डाळी-कडधान्यं, अक्रोड आणि ऑलिव्ह तेल. किनारा सोडला की समुद्र लगेच खोल होतो, त्यामुळे उथळ पाण्यातली मासळी बेताचीच. मोंतेरोस्सो गावच्या खारवलेल्या अँचोव्हींचं, म्हणजे छोट्या माशांचं, कौतुक आहेच, पण पोट भरलं ते डोंगराने.

पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची इथली चटणी, आता जगभर बाटलीत मिळतो. पण जेनोआच्या प्रा भागातली तुळशीच्या कुळातली बेसिल बघायला हवी. रोप कोवळं असतानाच मुळासकट उपटून त्याच्या जुड्या बांधतात, कारण पान मोठं झालं की त्याला पुदिन्यासारखा वास येतो, असं तिथले लोक मानतात. संगमरवरी खलात आधी लसूण, मग पाइनची बी, जाडं मीठ आणि पानं. लाकडी बत्ता आपटायचा नाही, खलाच्या कडेने गोल फिरवत पानं रगडायची. शेवटी पार्मेजान आणि पेकोरिनो चीज, आणि तेल. हा पेस्तो चुलीवर कधीच चढत नाही. बटाटा, फरसबी आणि पास्ता एकाच भांड्यात उकडतात आणि त्यातलंच थोडं पाणी घालून पेस्तो सैल करतात.

माझा जीव मात्र फरिनातावर आहे. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि तेल, एवढंच. किलोभर पिठाला साधारण तीन लिटर पाणी, म्हणजे आपल्या धिरड्याहून कितीतरी पातळ. काही तास भिजवायचं आणि वर आलेला फेस काढून टाकायचा. कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत तेल घालून जेमतेम बोटाच्या जाडीचा थर ओतायचा आणि लाकडाच्या भट्टीत सरकवायचा. वर सोनेरी पापुद्रा, आत लुसलुशीत. मिरपूड भुरभुरायची आणि गरम असतानाच खायची.

ला स्पेत्सिया या बंदराच्या गावात मेश्यूआ करतात: हरभरे, पांढरा घेवडा आणि गहू वेगवेगळे शिजवून एकत्र केलेलं सूप. गोदीत पोती उतरवताना सांडलेलं धान्य बायका वेचून आणत आणि त्यातून हा पदार्थ जन्माला आला, असं सांगतात. खरं असो नसो, धान्याची किंमत कळलेल्या घरांतच अशी गोष्ट टिकते.

वरच्या खोऱ्यांत गहू दुर्मीळ, म्हणून चेस्टनट, म्हणजे झाडावरची पिठूळ कवचफळं. कालित्सानो आणि मुरिआल्दो या गावांच्या परिसरात दगडी झोपड्या आहेत. खाली मंद विस्तव, वर फटी ठेवलेल्या लाकडी माळ्यावर चेस्टनट पसरलेले, जवळजवळ दोन महिने धुरावर सुकत. मग त्यांचं पीठ करायचं. त्याच डोंगरउतारांवरच्या रानभाज्या आणि दह्यासारखं आंबूस चीज पान्सोतीत, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्यात, भरतात आणि वर अक्रोडाचा सॉस घालतात.

या सगळ्याचा आधार म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी बांधांची पायऱ्यांची शेती. चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांच्या मुलखातली अशी शेती माणसं गावं सोडून गेल्याने ओसाड पडत चालली आहे. पडलेला बांध वेळीच पुन्हा रचला नाही, तर पावसात माती खाली येते. २५ ऑक्टोबर २०११च्या पुरात तिथली व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखल-दगडांनी भरून गेली. २०१८मध्ये युनेस्कोने कोरडे बांध रचण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मला विचाराल, तर पेस्तोच्या बाटलीवरच्या शिक्क्यापेक्षा हे काम अधिक मोलाचं आहे. बांध गेला, तर तिथलं ऑलिव्हचं झाड जाईल आणि झाडाबरोबर तेलही.