ग्रॅमभर नॅनोट्यूब: पुलिकल अजयन यांची वाटचाल

नॅनोट्यूबवर काम करणारे शास्त्रज्ञ पुलिकल अजयन मूळचे केरळातल्या कोडुंगल्लूरचे. १९८५ला बनारसच्या बीएचयूतून मेटलर्जीत, म्हणजे धातुशास्त्रात, बीटेक केलं आणि पीएचडीला अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत गेले. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सोन्याचे कण बघायचे, इतके बारीक कण की बघता बघता आकार बदलतात, घन असूनही धड स्थिर राहत नाहीत. ही नजर पुढे फार कामी आली असं आम्हाला वाटतं.

मग जपान. त्सुकुबाला एनईसी कंपनीची लॅब. तिथेच १९९१ मध्ये सुमिओ इजिमांचा कार्बन नॅनोट्यूबवरचा गाजलेला पेपर आला. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी गुंडाळून झालेली नळी, जाडी काही नॅनोमीटर, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर बसतात. जगभर उत्सुकता वाढली पण हातात माल येणार किती, तर मायक्रोस्कोपखाली बघण्यापुरता, त्याची ताकद मोजायची किंवा त्यातून वीज किती जाते बघायचं तर पुरणार कसा?

ही कोंडी अजयन आणि त्यांचे सहकारी थॉमस एबेसेन यांनी फोडली, आणि अजयन यांच्या सगळ्या कामात आम्हाला हेच सगळ्यात मोठं वाटतं. ग्राफाइटच्या दोन कांड्या, मधे विजेचा आर्क म्हणजे सलग ठिणगी, भोवती हेलियम. त्यांनी हेलियमचं प्रेशर वाढवलं, सुमारे ५०० टॉरपर्यंत (टॉर हे प्रेशर मोजायचं एकक), आणि निगेटिव्ह कांडीवर जो थर साठला त्याच्या आतल्या काळ्या गाभ्यात नॅनोट्यूब भरभरून मिळाल्या, थेट ग्रॅममध्ये! १९९२ला 'नेचर'मध्ये ही पद्धत छापून आली, म्हणजे आता कुठलीही लॅब त्या बनवू शकत होती. पुढच्याच वर्षी इजिमांबरोबर अजयन यांनी या नळ्यांची तोंडं उघडून आत वितळलेलं शिसं शिरवून दाखवलं.

मग फ्रान्स, जर्मनी, १९९७ला न्यूयॉर्क राज्यातलं रेन्सेलिअर पॉलिटेक्निक. २००७ मध्ये त्यांच्या टीमने कागदाची बॅटरी केली, नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, म्हणजे कागद ज्याचा बनतो ते, बाकी नॅनोट्यूब, चक्क वाकवता येते. २००८ला उभ्या नॅनोट्यूबचा एक विरळ थर जाहीर झाला, त्यावर पडलेल्या उजेडापैकी फक्त ०.०४५ टक्के परत येतो, तेव्हाचा जगातला सगळ्यात काळा पदार्थ.

तोपर्यंत ते ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीत आले होते, जिथे १९८५ला फुलरीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ गोळा, सापडला होता. तिथे मटेरियल्स सायन्स आणि नॅनोइंजिनिअरिंगचं स्वतंत्र डिपार्टमेंट सुरू झालं तेव्हा पहिले प्रमुख अजयनच झाले.