रॉडवर किती चढवायचं, ते कोण ठरवतं?

(परभणीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली बसलीत, मागच्या रांगांमध्ये त्यांचे आई-वडील दिसतायत, आणि शहरातले काही जिमचालकही आवर्जून आलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्यातली बरीच मंडळी कंबर, खांदा किंवा गुडघा धरून माझ्याकडे येऊन गेलीत, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

मोंढ्यात पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला त्या पोत्याचं वजन ठरवता येत नाही. क्विंटलचं पोतं असेल तर क्विंटलचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 मध्ये शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाला नेहमीच्या कामात 55 किलोहून जास्त ओझं उचलायला लावू नये. आपल्याकडे 1969 मध्ये माथाडी कायदा आला. तरी त्या पिढीतल्या माणसांचे मणके आजही काय सांगतात, ते तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या माणसाला मोळी थोडी लहान बांधता येईल, पण गाडी भरल्याशिवाय त्याला थांबता येत नाही.

जिममध्ये तुम्हाला जे मिळतं ते यांच्यापैकी कुणालाच मिळालं नाही. प्रत्येक सेटच्या, म्हणजे सलग उचलण्याच्या फेरीच्या, आधी तुम्ही ठरवता, आज किती. मध्येच ठेवून देता येतं. दोन मिनिटं बसता येतं. नको वाटलं तर घरी जाता येतं. आपल्या भागात कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगाला पहिल्यांदा मिळालेला हा अधिकार आहे, आणि तो किती मोलाचा आहे हे आपल्या लक्षात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण दुखापत घेऊन आलेल्या मुलाला मी शांतपणे विचारते, "त्या दिवशी एवढं वजन का लावलंस?" तेव्हा उत्तर येतं, "मित्र म्हणला, लाव अजून एक प्लेट." "बाजूचा लावायला होता." "व्हिडिओ काढायचा होता, ताई." "भरतीची तारीख जवळ आली होती." म्हणजे वजन ठरवलं दुसऱ्यानंच, आणि कंबर मात्र याची गेली.

पालकांनी लगेच "मग जिम बंद" असा निष्कर्ष काढू नये. वजन उचलण्याच्या व्यायामात तासांच्या हिशेबानं होणाऱ्या दुखापती फुटबॉलसारख्या खेळांपेक्षा कमीच असतात. शिवाय आज आपण जो 'दहाचे तीन सेट' करतो, त्याची मुळं दवाखान्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर उपचार करत होते. गुडघ्याच्या दुखापतीनंतर मांडी सुकलेल्या माणसाला त्या काळी हलकाच व्यायाम सांगत. डीलॉर्मनी वजन लावलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. 1945 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्यांची पद्धत अशी ठरली: जे वजन माणूस नीट दहाच वेळा उचलू शकतो ते शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण वजनावर, तिसरा पूर्ण. वजन किती, हे त्या सैनिकाच्या स्वतःच्या पायानं ठरवलं. शेजारच्या खाटेवरचा किती उचलतो, याचा तिथं संबंधच नव्हता.

आता मी थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गडबड इथं होते.

जिमला लागल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वजन भराभर वाढतं. मुलगा खूश, घरचे खूश. पण या काळातली बरीचशी ताकद स्नायू मोठा झाल्यामुळे आलेली नसते. मेंदू आणि नसा शिकतात, आधी न वापरलेले स्नायूतंतू एकदम कामाला लावायला लागतात. मग स्नायू भरायला लागतो. आणि स्नायूला हाडाशी बांधणारा जो कंडरा असतो, त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सगळ्यात मागे राहतो. त्याला मजबूत व्हायला महिनोन्‌महिने लागतात. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अशी अवस्था येते की अंग म्हणतं "उचल", आणि कोपराचा, खांद्याचा, गुडघ्याखालचा कंडरा अजून तयारच नसतो. तो एकदम तुटत नाही. आधी सकाळी आखडल्यासारखं वाटतं, व्यायाम सुरू केला की मोकळं होतं, म्हणून मुलगा दुर्लक्ष करतो. मग जिने उतरताना दुखतं. मग तांब्या उचलतानाही दुखतं. तेव्हा तो माझ्याकडे येतो, आणि मी "तीन महिने" म्हटलं की रडवेला होतो.

म्हणून पहिले तीन महिने तुम्हाला जमतंय त्यापेक्षा थोडं कमीच लावा. सेट संपेल तेव्हा अजून दोन-तीन वेळा उचलता आलं असतं, एवढी शिल्लक ठेवा. वरच्या अंगाच्या व्यायामाला एका वेळी अडीच किलोची वाढ पुष्कळ झाली. ठरलेले सगळे सेट दोन वेळा नीट, न हिसकता निघाले, की मगच ती वाढ. आणि एक वही ठेवा. मोबाइल चालेल, पण वहीच बरी.

त्या वहीत शेतातलं कामही लिहायचं. हे पुण्या-मुंबईचे ट्रेनर सांगणार नाहीत, कारण त्यांच्याकडे तो प्रश्नच नाही. इथला मुलगा सोयाबीनच्या काढणीला आठ दिवस गावी जातो, दिवसभर वाकतो, पोती थप्पीला लावतो, आणि परत आल्या दिवशी म्हणतो, "आठ दिवस जिम बुडाली, आज भरून काढतो." अरे बाबा, जिम बुडाली कुठं? तुझी कंबर आठ दिवस कामावर होती. तिला जमिनीवरून रॉड उचलायचा तुझा डेडलिफ्ट नको, दोन दिवस झोप हवी. भरतीवाल्यांचंही तेच. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, एवढं सगळं 50 गुणांना. पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचं, संध्याकाळी जिममध्ये पाय मारायचे, आणि महिन्याभरानं नडगी धरून बसायचं. पाय तोच आहे ना? ज्या दिवशी वेगानं पळलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारायच्या बैठका, जड नको. शक्य तिथं मैदानावर, मातीवर पळा. गोळ्याचा सराव तर स्वतंत्र व्यायाम म्हणून मोजा. 7.26 किलोचा गोळा नुसत्या हाताच्या जोरावर फेकायला गेलात तर कोपर आणि खांदा दोन्ही दुखावतील, जोर पाय आणि कमरेतून यायला हवा.

कमरेचं थोडक्यात सांगते. जमिनीवरून काहीही उचलताना वाकायचं ते खुब्यातून, ढुंगण मागं नेऊन, आणि रॉड नडगीला जवळजवळ घासत वर आणायचा. रॉड पायापासून लांब गेला की तेच वजन कमरेला कितीतरी जड पडतं. पोटात श्वास भरून धरायचा, मग उचलायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी असा श्वास कोंडू नये, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वजनाला हात लावावा. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलताना, कोपरं एकदम खांद्याच्या रेषेत उघडी ठेवू नका, थोडी अंगाकडे घ्या. अंगठा रॉडभोवती हवाच. एकटे असाल तर छातीवर रॉड अडकेल इतकं वजन लावू नका.

काही पालक म्हणतात, हे मोठ्या शहरांचं फॅड आहे. तसं नाही. जोर, बैठका, मुदगल, करेल हे सगळं आपल्याच तालमींतलं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार याच मराठवाड्याचे. बीडमधल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं कुस्तीत 2018 मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य आणलं. तालमीत पोराच्या अंगावर वस्तादाची नजर असायची. कुणाचं अंग आज जड आहे, कुणाला लढवायचं नाही, हे त्याला दिसायचं, आणि तो "बास" म्हणला की बास. आजच्या जिममध्ये चाळीस जणांमागे एक ट्रेनर, तोही फी घेण्यात आणि मशीन पुसण्यात गुंतलेला. वस्तादाची नजर आता तुम्हालाच तुमच्यावर ठेवावी लागेल, आणि ती आरशातून ठेवता येत नाही. आरशात दंड दिसतो, कंडरा दिसत नाही.

आता इंजेक्शन. इथं मी मोठ्यानं बोलणार आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब ऑपरेशनच्या वेळी घसरला तर तो वर आणायला मेफेंटरमाइन नावाचं औषध देतात. ते काही जिममध्ये 'ताकदीचं' म्हणून टोचलं जातं. त्यानं थकवा जाणवत नाही, म्हणजे शरीराचा "थांब" हा निरोपच बंद पडतो. नाडी धावते, रक्तदाब चढतो, झोप उडते, सवय लागते, आणि हृदय दगा देऊ शकतं. स्टेरॉइडनं अंड आखडतं, मूल होण्यात अडचण येते, हृदयाचा स्नायू जाड होतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे कुणी टोचत असेल तर तो तुमचा मित्र नाही, ट्रेनर नाही, कुणीच नाही. घरी सांगा, डॉक्टरांना सांगा. रागावणार नाही कुणी, आणि रागावलंच तर मी येते घरी समजवायला.

प्रोटीन पावडरचा डबा घेण्यासाठी उसनवारी करणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, आधी आपल्या घरातलं धान्य बघा. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, तेवढ्याच कच्च्या तूरडाळीत वीस-बावीस, एका अंड्यात सहा. सोया वडीत तर शंभराला पन्नासच्या वर. सोयाबीन आपण पिकवतो, मोंढ्यावर विकतो, आणि प्रथिनं विकत घ्यायला कर्ज काढतो. हे बदलायला हवं.

उन्हाळ्याचं परभणीकरांना मी काय सांगू. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, आणि आपल्या निम्म्या जिम पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी तिथं जड पायांचा व्यायाम नको. बरेच दिवस सुटल्यावर एकदम शेकडो बैठका मारल्या, अंग असह्य दुखतंय आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडाकडे चाललंय असं समजा. त्याच तासाला दवाखाना गाठा. झोपून उद्या बघू, असं त्यात चालत नाही.

उसण भरली तर आठवडाभर अंथरुणाला खिळू नका, सोसेल तेवढं चालत राहा. ताज्या दुखापतीवर कुणाकडून जोरात चोळून, मोडून घेऊ नका. एमआरआयमध्ये 'चकती फुगली' असं लिहून आलं म्हणून आयुष्य संपत नाही. ज्यांना कधीच कंबरदुखी झाली नाही अशा कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये तेच दिसतं, आणि खरोखर सरकलेल्या चकत्याही बहुतेकांच्या काही आठवड्यांत, ऑपरेशनशिवाय शांत होतात. मात्र पाऊल लुळं पडलं, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठं रुग्णालय गाठायचं.

आयांनो, मुलींना अडवू नका, आणि तुम्हीही या. पाळी थांबल्यावर हाडं वेगानं झिजतात, आणि हाडाला वजनाचा ताण मिळाला तर ती झीज मंदावते. टँकरवरून हंडे वाहिलेल्या बाईला डंबेलची भीती वाटायचं कारण नाही.

शेवटी जिमचालकांना. प्रत्येक रॉडचं वजन काट्यावर करून त्यावर रंगानं लिहा. वीस किलोचा म्हणून दिलेला रॉड सतराचा निघतो, आणि पोरं दुसऱ्या जिममध्ये गेली की फसतात. प्लेट अडवणारे क्लिप सगळ्या रॉडना असू द्या. स्क्वॉटच्या रॅकला आडवे सुरक्षा दांडे बसवा, आपल्या इथला वेल्डरही ते करून देईल. नव्या मुलाचे पहिले बारा आठवडे एका कार्डावर लिहून ठेवा आणि ते कार्ड भरलं जातंय की नाही हे तुम्ही स्वतः बघा. महिलांची वेळ दुपारी बारा ते तीन ठेवू नका, त्या वेळेत शेडमध्ये कुणीच व्यायाम करू शकत नाही. त्यांना सकाळची वेळ द्या. यातलं काय या महिन्यात होईल, ते मला आजच, इथून निघायच्या आधी सांगा. कार्डाचा नमुना मी बरोबर आणलाय.